पंगत न मोडता

आपल्या भाषेत माया आणि अन्न यांची फारकत कधी झालीच नाही. दारी कुणी आले की आधी पाणी आणि मागोमाग 'जेवलास का?' हा प्रश्न. रडणाऱ्या मुलाच्या हातावर काही गोडधोड ठेवले की ते गप्प होते, हा आयाआज्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव. वसईच्या आमच्या पट्ट्यात तर नाताळच्या आठवड्यात शेजारच्या मुलाला नेवरी न देता परत पाठविणे हा जवळजवळ अपराधच समजला जातो. अशा या मुलखात 'मुलाला काही देऊ नका, आधी विचारा' असे सांगण्याची वेळ आली म्हणजे जीभ अडखळते. ती वेळ आमच्यावर आली. त्यातून आम्ही जे शिकलो ते वाचकांपुढे ठेवावे, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

आम्ही चौघीजणी आमच्या धर्मग्रामात एक लहानसे पाळणाघर चालवितो. २०११ साली सभागृहामागच्या दोन रिकाम्या खोल्यांत ते सुरू झाले. सकाळची चर्चगेट लोकल गाठणाऱ्या आया आपली मुले आमच्या हाती सोपवून धावतपळत स्टेशनकडे निघतात आणि दिवेलागणीला परततात. दीड ते पाच वर्षांची वीसएक मुले दिवसभर आमच्याकडे असतात. आमच्यापैकी एकीने तीस वर्षे परिचारिका म्हणून नोकरी केली, एक प्राथमिक शाळेत शिक्षिका होती आणि उरलेल्या दोघींनी आपापले संसार सांभाळून मुले वाढविली. मुले आम्हां सगळ्यांना 'मावशी' म्हणतात. एवढी पदवी आम्हांस पुरेशी वाटते.

जून २०२२ मध्ये एक जोडपे आपल्या तीन वर्षांच्या मुलाला घेऊन आमच्याकडे आले. आईच्या हातात कागदांची एक फाईल होती आणि दुसऱ्या हातात झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा. डब्यात एक औषधाची बाटली, एक पेनासारखी दिसणारी सुई आणि मुलाचा फोटो डकवलेला कागद. मुलाला शेंगदाणा आणि अंडे यांची तीव्र ॲलर्जी होती. दीड वर्षाचा असताना शेंगदाण्याच्या चटणीचे बोट चाटल्याने त्याचा श्वास कोंडला होता आणि रुग्णालयात न्यावे लागले होते. दोन पाळणाघरांनी त्याला घेण्यास नकार दिला होता. 'जबाबदारी कोण घेणार?' असे एका ठिकाणी विचारण्यात आले. दुसऱ्या ठिकाणी 'मोठा झाला की आणा' असे सांगण्यात आले. आई एका कार्यालयात कारकून होती. तिसरा नकार मिळाल्यास तिला नोकरी सोडावी लागणार होती, हे तिने सांगितले नाही. परंतु आम्हांस ते कळले.

आम्ही तिच्याकडे आठ दिवसांची मुदत मागितली. आम्हांस होकार द्यायचा होता. परंतु नुसत्या दयेपोटी दिलेला होकार त्या मुलाच्या काही कामाचा नव्हता. मुलाला सुरक्षित ठेवण्यासाठी काय करावे लागते ते आधी समजून घेणे भाग होते. त्या आठ दिवसांत आम्ही मुलाच्या डॉक्टरांना भेटलो आणि मिळेल ते वाचले.

ॲलर्जी हा शब्द फार जुना नाही. व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी तो १९०६ साली घडविला. वैद्यकाकडे वळण्यापूर्वी या गृहस्थांनी इन्सब्रुक येथे ईश्वरज्ञानशास्त्राचा अभ्यास केला होता, हे आमच्या वाचकांना वाचून गंमत वाटेल. त्याआधी चार वर्षे, १९०२ साली, शार्ल रिशे आणि पोल पोर्तिए या फ्रेंच संशोधकांनी एक विलक्षण गोष्ट नोंदविली होती. समुद्रफुलाच्या विषाची मात्रा एकदा पचविलेला कुत्रा काही आठवड्यांनी त्याच विषाच्या अगदी अल्प मात्रेने काही मिनिटांत दगावला. पहिल्या भेटीने शरीर कणखर व्हावे, ते उलट हळवे झाले होते. या प्रकाराला त्यांनी ॲनाफिलॅक्सिस असे नाव दिले आणि रिशे यांना १९१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. शरीराची पहारेकरी यंत्रणा निरुपद्रवी अन्नाला शत्रू समजते आणि त्याच्यावर असे काही तुटून पडते की घरच कोसळण्याची वेळ येते. अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, उलटी होते, श्वासनलिका आवळते, रक्तदाब घसरतो. हे सारे कधी कधी काही मिनिटांत घडते.

'आमच्या वेळी नव्हते हो असले काही!' हे वाक्य आम्ही त्या काळात इतक्यांदा ऐकले की ते आम्हांस पाठ झाले. त्यात काहीसे तथ्यही आहे. आपल्याकडे हा विकार अजून विरळ आहे. कर्नाटकातील शाळकरी मुलांची जी पाहणी २०२० साली प्रसिद्ध झाली, तिच्यात संभाव्य अन्न-ॲलर्जीचे प्रमाण ०.१४ टक्के आढळले, म्हणजे हजारात एखाददुसरे मूल. पाश्चात्त्य देशांत ते याच्या कितीतरी पट आहे. पण विरळ असण्याचा एक तोटाही असतो. जे रोज दिसत नाही त्यावर माणसांचा विश्वास बसत नाही. 'पोराचे फाजील लाड आहेत', 'थोडं थोडं दिलं की सवय होईल', 'आई नोकरी करते म्हणून भीती घालते', असे बोलणारे लोक दुष्ट नव्हते. त्यांनी ते कधी पाहिले नव्हते, एवढेच. आणि 'थोडे थोडे देऊन सवय' हा उपचार तज्ज्ञ डॉक्टर आपल्या देखरेखीखाली करतात. स्वयंपाकघरात कुणा काकामामांनी तो करून पाहायचा नसतो.

त्याच पाहणीतली दुसरी गोष्ट आम्हांस तितकीच महत्त्वाची वाटली. रक्ततपासणीत कोणत्या ना कोणत्या अन्नाविषयी संवेदनशीलता दाखविणारी मुले पुष्कळ होती. प्रत्यक्ष ते अन्न खाऊन त्रास होणारी अगदी थोडी. तेव्हा नुसत्या तपासणीच्या कागदावरून मुलाचे दूध, अंडी, मासे बंद करणे हा त्याच्यावर अन्यायच होय. कोणत्या मुलाला काय वर्ज्य, हे ठरविण्याचे काम डॉक्टरांचे. आम्ही तेव्हापासून एक नियम केला: पालक तोंडी सांगतील ते आम्ही ऐकून घेतो आणि त्या दिवसापुरते पाळतो; पण कायमची नोंद डॉक्टरांच्या लेखी सूचनेवरूनच करतो.

त्या आठ दिवसांत वाचलेल्या एका घटनेने मात्र आमची झोप उडविली. नोव्हेंबर २०१७ मध्ये न्यूयॉर्क शहरात इलायजा सिल्व्हेरा नावाचे तीन वर्षांचे एक बालक आपल्या बालवाडीत गेले. त्याला दुधाच्या पदार्थांची तीव्र ॲलर्जी होती. बालवाडीला ते ठाऊक होते. कागदपत्रे तिच्या दप्तरी होती. तरीही त्या दिवशी त्याच्या हाती चीज घालून भाजलेले सँडविच पडले आणि ते बालक वाचू शकले नाही. त्याच्या आईबापांनी दुःख गिळून कंबर कसली आणि २०१९ साली न्यूयॉर्क राज्याने त्याच्या नावाने ओळखला जाणारा कायदा केला. पाळणाघरांनी अशा प्रसंगांना प्रतिबंध कसा करावा आणि प्रसंग ओढवल्यास काय करावे, याची पद्धत त्या कायद्याने घालून दिली.

आम्ही ती हकीकत दोनदा वाचली. तिथे माहितीची वाण नव्हती. माहिती होती, ती कपाटात होती. आणि सँडविच देणारा हात दुसऱ्याच खोलीत होता. पाळणाघरात धोका बहुधा या दोहोंमधल्या अंतरात असतो. आई मोठ्या मावशीला सांगते, मोठी मावशी रजेवर जाते, बदली आलेल्या बाईला कुणी सांगत नाही. तेव्हा आम्ही स्वतःला विचारले: ज्या कुणाच्या हातून आमच्याकडे मुलांच्या तोंडी घास जातो, त्या प्रत्येक हाताला हे ठाऊक आहे का? भांडी घासणाऱ्या बाईला? शनिवारी मदतीला येणाऱ्या महाविद्यालयीन मुलींना? खिडकीतून चॉकलेट देणाऱ्या शेजारच्या आजोबांना?

आठव्या दिवशी आम्ही होकार कळविला. त्यानंतरचे काम कंटाळवाणे होते आणि आजही ते तसेच आहे. मुलाचा फोटो, वर्ज्य पदार्थ, लक्षणे आणि करावयाची कृती असा एक कागद स्वयंपाकघरात डोळ्यांच्या उंचीवर लावला. त्याची एक प्रत औषधाच्या डब्यात. डबा कुलपात न ठेवता उंच फळीवर, सर्वांना ठाऊक अशा एकाच जागी ठेवला. कारण कुलपाची किल्ली शोधण्यात गेलेली दोन मिनिटे परत मिळत नाहीत. हात धुण्याचा नियम केला: जेवणाआधी आणि जेवणानंतर साबण आणि वाहते पाणी. शेंगदाण्याचा अंश साबणाने निघतो, नुसत्या पाण्याने किंवा सॅनिटायझरने नीट निघत नाही, हे आम्हांस तेव्हाच कळले. करोनाच्या दिवसांपासून दाराशी ठेवलेल्या सॅनिटायझरच्या बाटलीवर आमचा जो विश्वास बसला होता, तो या बाबतीत आम्ही काढून घेतला.

वाणसामान भरताना पाकिटावरची बारीक अक्षरे वाचू लागलो. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलविषयक नियमांप्रमाणे गहू आदी ग्लुटेनयुक्त धान्ये, कवचधारी जलचर, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे व कठीण कवचाची फळे, सोयाबीन आणि ठरावीक प्रमाणावरील सल्फाइट यांचा उल्लेख वेष्टनावर करावा लागतो. परंतु आपल्या मुलांच्या पोटात जाणारे अन्न वेष्टनात कुठे असते? ते शेजारणीच्या डब्यात असते, फरसाणवाल्याच्या परातीत असते, भेळवाल्याच्या कागदात असते. आणि महाराष्ट्रातला शेंगदाणा तर भेस बदलून वावरतो. कोशिंबिरीत कूट, साबुदाण्याच्या खिचडीत कूट, वांग्याच्या भरीतही कूट. चिक्की, लाडू, चटणी आणि फोडणीचे तेलही त्याचेच. अंडे आमच्या पोरांच्या आवडत्या फुग्यांत असते, केकमध्ये असते, वरून चमक यावी म्हणून पावावर फासलेलेही असते. सुक्या जवळ्याच्या आणि कोळंबीच्या ॲलर्जीची मुलेही किनाऱ्यावर आढळतात. त्यांना तर कढईतून उठणाऱ्या वाफेचाही त्रास होऊ शकतो.

मग प्रश्न उभा राहिला तो जेवणाचा. आमच्याकडे प्रत्येक मूल घरचा डबा आणीत असे. वीस डबे, वीस घरचे मसाले, वीस चटण्या. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे त्या मुलाला वेगळ्या टेबलावर बसविणे. आम्ही चार दिवस तसे करूनही पाहिले, कारण डॉक्टरांनी सुरुवातीस तेवढी सावधगिरी सुचविली होती. मुलगा शहाणा होता. तो आपल्या जागी बसून मुकाट्याने जेवे. पण त्याचे डोळे पलीकडच्या रांगेकडे असत. चौथ्या दिवशी एका मुलाने विचारले, "मावशी, त्याला का लांब बसवलं? त्याला शिवायचं नाही का?"

वेगळी पंगत या शब्दांना आपल्या महाराष्ट्रात फार जुना आणि कडू अर्थ आहे. कुणी कुणाच्या शेजारी बसायचे, कुणाच्या ताटात काय वाढायचे, यावरून या मातीत माणसांनी माणसांचा केवढा अपमान केला! पंक्तिप्रपंच हा शब्दच मुळी त्यातून आला. आणि आता आमच्याच दोन खोल्यांत, केवळ काळजीपोटी का होईना, एका बालकाला तोच अनुभव येत होता. त्याचा जीव राखायचा हे तर खरेच. पण तो राखताना त्याच्या मनात 'मी इतरांसारखा नाही' ही भावना रुजली, तर आम्ही त्याचे अर्धेच राखले असे झाले असते.

शेवटी आम्ही मांडणी बदलायची ठरविली. मुलाला पंगतीबाहेर काढण्याऐवजी पंगतीतले अन्नच असे करायचे की ते साऱ्यांना चालेल. डबे बंद करून पाळणाघरातच एक स्वयंपाक रांधायचा: वरणभात, मुगाची खिचडी, नाचणीची पेज, भाजी-पोळी, केळे, आणि मधल्या वेळी डाळे-गुळाचा लाडू. शेंगदाणा आणि अंडे आमच्या उंबऱ्याच्या आत येणार नाही. घरी, रस्त्यात, सणावारी ज्याने त्याने काय खावे हा ज्याचा त्याचा प्रश्न.

पालकांची सभा बोलावली तेव्हा वादळ उठले. महिन्याचे पैसे थोडे वाढणार होते. एक बाप उठून म्हणाला, "एका पोरासाठी एकोणीस पोरांनी का सोसायचं?" त्याचा आवाज चढला होता; पण प्रश्न खोटा नव्हता. एका आईने जे सांगितले ते तर आम्हांस आजही आठवते. ती दोन घरची कामे करीत असे. ती म्हणाली, "मावशी, माझ्या पोरीला दूध परवडत नाही. शेंगदाण्याची चिक्की हेच तिचं टॉनिक. ते पण काढून घेता?" गरिबाच्या घरी शेंगदाणा हेच बदाम असते, हे आम्ही जाणत होतो. तिला उडवून लावणे म्हणजे एका मुलाची कणव बाळगताना दुसऱ्याच्या पोटावर पाय देणे होते.

त्या सभेत आम्ही दुसरी बाजूही लपविली नाही. ॲलर्जीतज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने २०२१ साली खास पाळणाघरे आणि शाळा यांच्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. एखादा पदार्थ संपूर्ण संस्थेत बंद केल्याने अपघात टळतातच असा भक्कम पुरावा नाही, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण, प्रत्येक मुलासाठी लेखी योजना आणि ॲड्रेनलिनची उपलब्धता यांवर त्यांचा भर आहे. बंदीची पाटी लावली की माणसे निर्धास्त होतात आणि निर्धास्तपणा हाच धोका. म्हणून आम्ही पालकांना सांगितले की एका स्वयंपाकाने आमचे काम संपणार नाही. आमची मुख्य भिस्त शिकण्यावरच राहील. तथापि दोनतीन वर्षांची मुले एकमेकांच्या ताटात हात घालतात, एकाचे उष्टे दुसरा खातो, म्हणून या वयापुरता एक स्वयंपाक हा आम्हांस सोयीचा आणि न्यायाचा वाटतो. आणि त्या मुलीला रोज एक पेला दूध आणि दोन लाडू पाळणाघराकडून मिळतील. त्याचा खर्च कुणी उचलला ते येथे लिहिण्याचे कारण नाही. ज्याने उचलला तो त्या सभेत सर्वांत मोठ्याने बोलला होता, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

प्रशिक्षणासाठी आमच्यातली निवृत्त परिचारिका गुरू झाली. डब्यातले ते पेन म्हणजे ॲड्रेनलिनचे स्वयंचलित इंजेक्शन. मुलाच्या काकूने ते कॅनडाहून आणले होते, कारण आपल्या औषधांच्या दुकानांत ते मागताक्षणी मिळेल अशी स्थिती नव्हती. त्याची मुदत संपली की काय, हाही प्रश्न होताच. त्यासाठी डॉक्टरांनी दुसरी सोय लिहून दिली: ॲड्रेनलिनची काचेची लहान कुपी, एक मिलिलिटरची सिरिंज आणि मुलाच्या वजनाप्रमाणे मात्रा. दर किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम, मांडीच्या बाहेरच्या बाजूस, स्नायूत. हे औषध जगभर शंभराहून अधिक वर्षे वापरात आहे. जोकिची ताकामिने यांनी ते १९०१ साली शुद्ध स्वरूपात मिळविल्याचे जाहीर केले. कुपी अगदी थोड्या पैशांत मिळते. आम्ही संत्र्यावर सुई टोचून सराव केला. डॉक्टरांनी एक गोष्ट आमच्याकडून पाठ करून घेतली: खाजेवरचे गोळी-औषध गांधी शमवील, परंतु कोंडणारा श्वास आणि घसरणारा रक्तदाब त्याने आवरत नाही. त्यासाठी ॲड्रेनलिनच, आणि तेही लवकर. घ्यावे की न घ्यावे या विचारात वेळ घालवू नये. मुलाला चालवू नये, उभे करू नये. इंजेक्शन दिल्यावर बरे वाटले तरी रुग्णालयात न्यावे, कारण काही तासांनी लक्षणे उलटू शकतात.

आणखी एक गोष्ट शिकलो. लहान मूल 'मला ॲलर्जी झाली' असे सांगत नाही. ते जीभ ओरबाडते, कान ओढते, आवाज घोगरा होतो, उगाच खोकते, खेळता खेळता एकदम येऊन बिलगते. 'तोंडात मुंग्या आहेत', 'घशात काहीतरी बसलंय', असे आपल्या शब्दांत सांगते. पोरांची भाषा ऐकणे हे तर मावशींचे कामच.

दीड वर्ष सुरळीत गेले. डिसेंबर २०२३ मध्ये, नाताळच्या तोंडावर, सभागृहात पालकांचे स्नेहसंमेलन होते. घरोघरून फराळ आला होता. मुलगा आपल्या आईच्या हाताला धरून होता. एका आजींनी त्याच्यापुढे नेवऱ्यांचा डबा धरला. आईने रीतीप्रमाणे विचारले, "आजी, ह्यात काय काय आहे?" आजी म्हणाल्या, "खोबरं आणि रवा गं, मीच केल्यात." त्या खरे तेच बोलत होत्या. परंतु डबा भरताना नेवऱ्या कमी पडल्या म्हणून सुनेने शेजारणीकडच्या चारसहा त्यात घातल्या होत्या, आणि शेजारणीने काजू महाग म्हणून सारणात शेंगदाण्याचा कूट मिसळला होता. नेवरी दिसायला नेवरीसारखीच.

मुलाने अर्धी खाल्ली आणि पाच मिनिटांत जीभ बोटांनी ओरबाडू लागला. मानेवर गांधी, मग खोकला, मग उलटी. आणि आवाज पार बसला. आमच्यातल्या एकीने त्याला कुशीवर निजवले आणि मांडीत इंजेक्शन दिले, दुसरीने १०८ ला फोन लावला, तिसरीने घड्याळ पाहून वेळ कागदावर लिहिली, चौथीने इतर मुलांना बाजूच्या खोलीत नेऊन गाणी म्हणावयास लावली. कुणी कुणाला काही सांगावे लागले नाही. रुग्णवाहिका येईपर्यंत त्याचा श्वास मोकळा होऊ लागला होता. रात्रभर रुग्णालयात देखरेखीखाली राहून तो दुसऱ्या दिवशी घरी आला.

त्यानंतर त्या आजी मिस्सालाही येईनात. आम्ही चौघी त्यांच्या घरी गेलो. त्या पडवीत बसल्या होत्या. म्हणाल्या, "माझ्या हातनं पोर जात होतं गं. आता कुणाच्या पोराला काही द्यायला हात धजत नाही." त्यांच्या त्या वाक्याने आम्हांस गलबलून आले. मुलाला भीती बसू नये म्हणून आम्ही इतके जपलो. इथे भीती एका म्हाताऱ्या, प्रेमळ हातात शिरली होती. आम्ही म्हटले, "आजी, देणं बंद करू नका. तुम्ही दिलं नाही तर आमच्या नाताळाला चव कसली? फक्त डब्याच्या झाकणावर लिहा, आत काय आहे आणि कुणी केलंय." त्यांना लिहिता येत नव्हते. त्यांच्या नातीने लिहिले.

पुढच्या नाताळात, २०२४ साली, सभागृहातल्या टेबलावर प्रत्येक डब्याच्या झाकणावर चिठ्ठी होती. मोडक्यातोडक्या अक्षरांत, कुठे फळ्यासारख्या मोठ्या अक्षरांत: नेवरी, खोबरे-रवा-तीळ. फुगे, अंडे आहे. लाडू, शेंगदाणा आहे. कुणी आज्ञा काढली नव्हती. मधुमेही आजोबांनाही त्या चिठ्ठ्यांची सोय झाली आणि उपवास करणाऱ्या हिंदू शेजारणींनाही.

तान्ह्या मुलांच्या आयांसाठी एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. आमच्या या मुलाची कथा ऐकून कुणी आपल्या बाळाला भीतीने शेंगदाणा द्यायचेच टाळू लागेल, तर ते उलटेच होईल. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या लंडनमधील एका मोठ्या अभ्यासात, ॲलर्जीचा धोका अधिक असलेल्या ६४० तान्ह्या मुलांपैकी निम्म्यांना चार ते अकरा महिन्यांच्या वयापासून शेंगदाणा नियमित खाऊ घातला, निम्म्यांना दिला नाही. पाचव्या वर्षी न दिलेल्या मुलांत ॲलर्जीचे प्रमाण सुमारे १७ टक्के आढळले, दिलेल्या मुलांत ३ टक्क्यांच्या आसपास. तेव्हा वरचे अन्न सुरू झाले की पातळ करून, मऊ करून द्यावा. अखंड दाणा मात्र लहान मुलाला कधी देऊ नये, तो घशात अडकतो. बाळाला तीव्र इसब असेल किंवा अंड्याने त्रास झाला असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे. आपल्या आज्या घरचे अन्न मऊ करून बाळाला लवकर चाटवीत. त्यांच्या त्या रीतीत शहाणपण होते, असे आता म्हणावे लागते.

मुलगा २०२५ च्या जूनमध्ये पहिलीत गेला. अंड्याची ॲलर्जी वयाबरोबर पुष्कळ मुलांची जाते, तशी त्याचीही डॉक्टरांच्या देखरेखीखाली गेली. शेंगदाण्याची ॲलर्जी पाचांतल्या चौघांची राहते. त्याचीही राहिली आहे. पण आता तो स्वतः विचारतो, "ह्यात काय आहे?" आणि उत्तर मिळेपर्यंत हात पुढे करीत नाही. त्याच्याबरोबर वाढलेली एक मुलगी आजही त्याच्यासमोर चिक्कीचा डबा उघडण्यापूर्वी चार पावले लांब जाते, हात धुऊन येते आणि मग त्याच्या शेजारी बसते. तिला हे कुणी शिकविले नाही. ती त्या पंगतीत जेवली होती. दूध न परवडणाऱ्या आईची मुलगी ती हीच.

आमच्या धर्मग्रामाप्रमाणेच इतर धर्मग्रामांतही बालवाड्या आहेत, धर्मशिक्षणाचे वर्ग आहेत, सहली आहेत, प्रथम कम्युनियनच्या मेजवान्या आहेत. या प्रत्येक ठिकाणी कधी ना कधी एखादी आई हातात फाईल आणि डबा घेऊन उभी राहील. तिला 'जबाबदारी कोण घेणार?' असे विचारू नये. आठ दिवसांची मुदत मागावी, डॉक्टरांना भेटावे, संत्र्यावर सुई टोचून पाहावी आणि होकार द्यावा. काम फार अवघड नाही, फक्त ते रोजचे आहे. या वर्षी आमच्याकडे दुधाची ॲलर्जी असलेली एक दोन वर्षांची मुलगी आली आहे. स्वयंपाकघरातला कागद बदलला, खिरीत दुधाऐवजी नारळाचा रस आला, आणि तिच्या उजव्या-डाव्या हाताला बसण्यासाठी मुलांची रोज भांडणे होतात.